अण्णांच्या दुर्बिणीचं गिऱ्हाईक

"दुर्बीण विकायची म्हणतो," अण्णा म्हणाले, आणि म्हणाले ते माझ्या कानाकडे बघत.

मी भाकरी थापत होते. माझा हात परातीतच थांबला. एक वेळ त्यांनी स्वतःच्या मुलाला विकायला काढलं असतं तरी मी एवढी चकित झाले नसते.

"का हो अण्णा?"

"जागा अडते." एवढं बोलून ते अंगणात गेले.

अण्णा म्हणजे माझे सासरे. मोजणी खात्यात हयात घालवलेला माणूस. कराड तालुक्यातल्या निम्म्या बांधांवर ते उन्हातान्हात उभे राहिलेले. निवृत्त झाल्यावर लोक काशीला जातात, नाहीतर दाराशी गाय बांधतात. अण्णांनी दुर्बीण घेतली. नवशिक्यांसाठीची, पण कॉम्प्युटरवाली. तिच्या रिमोटवर चंद्र, गुरू, शनी निवडून बटण दाबलं, की मोटर घुर्रर्र करायची आणि दुर्बीण आपली आपण मान वळवून तिकडं बघायची. त्याआधी मात्र तिला दोन ठळक तारे नीट मधोमध धरून ओळख करून द्यावी लागे. "हिला हद्दीचे दोन दगड दाखवले, की पुढची मोजणी ही करते," असं अण्णा कौतुकानं सांगायचे. तिपाई मांडताना तिच्यावरच्या काचेतला बुडबुडा बरोबर मध्ये येईपर्यंत ते कुणाला गच्चीवर पाय वाजवू देत नसत. "बुडबुडा हलला की बांध हलला, आणि बांध हलला की भाऊबंद हलले," ही त्यांची खास म्हण होती.

आणि म्हणे जागा अडते! ती दुर्बीण जिन्याखालच्या कोनाड्यात राहायची. तिथं मांजरसुद्धा राहायला तयार नव्हतं.

आता माझ्याबद्दल सांगायलाच हवं. माझी आई म्हणायची, "वैजूला झाकलेलं भांडं दिसलं की झाकण उचलल्याशिवाय चैन पडत नाही." खोटं कशाला बोलू, तसंच आहे ते. गल्लीत कुणाकडे कोण पाहुणे आले, कुणाचा पंखा दुरुस्तीला गेला, मला घरबसल्या ठाऊक असायचं. तेव्हा हे भांडं मी झाकलेलं ठेवणं शक्यच नव्हतं.

रात्री जेवताना शेखरला, म्हणजे माझ्या नवऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, "मला तर म्हणाले, जिना चढवत नाही." दुसऱ्या दिवशी समोरच्या लीलाक्कांना विचारलं. त्या म्हणाल्या, "आमास्नी म्हणलं, बघून झालं सगळं. त्योच चंद्र न् त्योच शनी." मला वाटतं, ज्या गोष्टीची तीन कारणं सांगितली जातात तिचं खरं कारण चौथंच असतं. जिना चढवत नाही म्हणणारा माणूस रोज गच्चीवरच्या टाकीत पाणी किती आहे ते बघायला जात होता.

चौथं कारण शोधता शोधता माझ्या मनात भलतीच भीती शिरली. काही महिन्यांपासून अण्णा माझ्याकडे बघून बोलत नव्हते. बोलायचे नीट, पण नजर कधी कानाशी, कधी खांद्याशी. पूर्वी असं नव्हतं. सासूबाई गेल्यापासून या घरात मला लेकीसारखं वागवणारा माणूस तोच. त्यांनी माझ्याकडे बघणं सोडलं म्हणजे माझंच काहीतरी चुकलं असणार. गच्चीवर मी वाळवणं घालते, त्याचा राग आला असेल का? मी फार तोंड खुपसते म्हणून दुर्बीणच नको, असं झालं असेल का?

"अण्णा माझ्यावर रागावलेत का?" मी शेखरला विचारलं.

"तू काही केलंस का?"

"नाही."

"मग नसतील." पुरुषांचा तपास इथंच संपतो. त्यानं मोबाइलवरून दुर्बिणीची जाहिरात टाकली आणि तो झोपला.

जाहिरातीला उत्तर आलं इस्लामपूरहून. संग्राम देवकर नावाचा माणूस, स्वतःचं औषधांचं दुकान. फोन मीच उचलला. "वहिनी, सेकंडहँड वस्तू चालवून बघितल्याशिवाय मी घेत नाही. बुधवारी दुकान बंद असतं. संध्याकाळी येतो," तो म्हणाला.

मी अण्णांना सांगितलं, तर ते एकदम म्हणाले, "चालवून कशाला बघायचीय? खोक्यात भरून ठेवतो, घेऊन जाऊ दे."

"असं कोण घेईल अण्णा? शेतसुद्धा मोजल्याशिवाय कुणी घेत नाही."

त्यांच्याच भाषेत बोलल्यावर त्यांनी दुसरी सबब काढली, "बुधवारी संकष्टी आहे."

"मग बरंच आहे की! चंद्रच दाखवू त्याला."

अण्णा उठून टाकी बघायला गेले.

संकष्टीचं आमच्या गल्लीत एक प्रकरणच होतं. पूर्वेला सदाशिवगड. त्यामुळे पंचांगातली चंद्रोदयाची वेळ झाली तरी आमचा चंद्र गडाच्या आडून निवांत वर यायचा. घड्याळ बघून जेवणाऱ्या बायका वेगळ्या. आमच्या लीलाक्का त्यातल्या नव्हत्या. चंद्र डोळ्यांनी बघायचा, हात जोडायचे, मगच पान वाढायचं. अण्णांनी दुर्बीण आणली तेव्हा त्यांनीच एका संकष्टीला लीलाक्कांना तिच्यातून गडाच्या कडेवर आलेला चंद्र दाखवला. "अगं बया, त्येच्यावर खड्डं हाइत की!" असं म्हणून अक्कांनी तिथंच लोटांगण घातलं होतं. तेव्हापासून दर संकष्टीला उपास करणाऱ्या पाचसहा जणी आमच्या गच्चीवर यायच्या. अण्णांनी "आला" म्हणायचं, एकेकीनं दुर्बिणीला डोळा लावून हात जोडायचे आणि घरी जाऊन जेवायचं. मी काही उपास करत नसे. त्या वेळी मी खाली स्वयंपाकघरात असायची.

एक गोष्ट तेवढी माझ्या नजरेत भरली होती. मागच्या संकष्टीला सगळ्या जणी गेल्यावर मी लीलाक्कांकडे मोदक द्यायला गेले. त्या मागच्या पायरीवर शाल गुंडाळून बसल्या होत्या. आत ताट तसंच झाकलेलं.

"अक्का, जेवला नाहीत?"

"जेवते की. उकडतंय जरा."

थंडीत शाल गुंडाळून उकडणारी बाई मी पहिल्यांदाच बघितली. पण त्यांनी मोदकांचं इतकं कौतुक केलं की मी पाघळले आणि पुढचं विचारायचं विसरले.

बुधवारी देवकर आला. चाळिशीतला, गोल चेहऱ्याचा, बोलघेवडा. चहा पिताना त्यानं लहानपणी जत्रेत पाच पैशांत चंद्र बघितला होता ती हकिगत सांगितली. तेव्हापासून दुर्बीण घ्यायची म्हणत होता, पण दुकान आणि आईचं आजारपण यांतून जमलं नाही. अण्णा त्याच्या खांद्याकडे बघत ऐकत होते. मला जरा हायसं वाटलं. म्हणजे मी एकटीच नव्हते.

अंधार पडल्यावर आम्ही गच्चीवर गेलो. या वेळी मीही गॅस बंद करून वर गेले. चौथं कारण सापडायचं असेल तर ते तिथंच सापडणार होतं. लीलाक्का, शेजारच्या घारेवहिनी आणि बाकीच्या जणी आधीच आलेल्या, डोक्यावरून पदर घेऊन कठड्याशी बसलेल्या. परका माणूस बघून त्यांनी पदर आणखी पुढं ओढले.

अण्णांनी तिपाई मांडली. पाय खालीवर केले. मग म्हणाले, "आला बुडबुडा मध्ये."

मी जवळच होते, हातात बॅटरी होती. बुडबुडा कडेला चिकटून बसला होता.

"अण्णा, बुडबुडा..."

"आलाय म्हटलं ना!" अण्णा खेकसले. इतक्या वर्षांत ते माझ्यावर असे कधी ओरडले नव्हते. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

ते रिमोटवर भराभर बटणं दाबत होते, न बघता, नुसत्या बोटांनी. "हा ब्रह्महृदय. ही रोहिणी. झाली ओळख," असं म्हणत त्यांनी दुर्बिणीला डोळा लावला न लावला आणि पुढं गेले. एरवी एकेक तारा मधोमध आणायला ते जीव काढायचे. मोटर घुर्रर्र करून थांबली.

"हं. यंत्रानं चंद्र दाखवलाय. बघा," अण्णा म्हणाले. 'आला' हा शब्द त्यांनी उच्चारला नाही.

देवकर वाकला. बराच वेळ बघत राहिला. मग सरळ होऊन भाबडेपणानं म्हणाला, "काका, हा तर टॉवरचा लाल दिवा आहे."

लीलाक्का गुडघ्यावर हात देत उठल्या. "सरका बाजूला. तुमास्नी सवय न्हाई, कसा दिसंल?" त्यांनी दुर्बिणीला डोळा लावला आणि लगेच हात जोडले. "दिसला की! चांगला गरगरीत दिसला. या गं."

मागोमाग घारेवहिनी आल्या. "दिसला हो अण्णा." मग तिसरी, मग चौथी. प्रत्येकीनं वाकून बघितलं, हात जोडले आणि "दिसला" म्हणाली.

आता मला राहवेना. मी सगळ्यात शेवटी डोळा लावला. गडाच्या अलीकडच्या एका इमारतीवरचा टॉवर, आणि त्याच्या टोकाला लाल दिवा. चंद्राचा पत्ताच नव्हता.

मी डोळा काढला तेव्हा लीलाक्का माझ्याकडे बघत होत्या. बोटानं त्यांनी गप्प राहायची खूण केली. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. या सगळ्यांना माहीत होतं. किती महिने, देव जाणे. गल्लीतल्या पंख्याच्या दुरुस्तीची बातमी ठेवणारी मी, आणि माझ्याच घरातल्या माणसाला दिसत नाही हे सगळ्या गल्लीला माझ्याआधी कळलं होतं.

"पुरे करा अक्का," अण्णा हळूच म्हणाले. "टॉवरला किती दिवस हात जोडणार?"

"कसला टावर? आवो, दिसला मला."

"मागच्या संकष्टीलाही तुम्ही असंच म्हणालात. तुम्ही सगळ्या गेलात. मी इथं आवरत होतो, आणि डोळ्याच्या कोपऱ्यात उजेड आला. मान वळवली, तर गडावर आत्ता कुठं चंद्र येत होता. आणि तुम्ही तिकडं जेवायला बसलेल्या." अण्णांनी रिमोट कठड्यावर ठेवला. "समोर धरलेलं काही दिसत नाही मला. मध्ये नुसता डाग येतो. हद्दीचे दगडच चुकतात, मग ती बिचारी चंद्र कुठून दाखवणार? माझ्या शब्दावर दिवसभराचे उपास मोडले तुमचे. म्हणून म्हटलं, विकून टाकू. दुर्बीणच नसली तर कुणी विचारायला येणार नाही."

हेच ते चौथं कारण.

"पण सांगायचं ना अण्णा!" मी म्हणाले. मला रडू आवरेना. "डॉक्टरकडे गेलो असतो. मला वाटलं, तुम्ही माझ्यावर रागावलात."

"तुझ्यावर? तुझ्यावर कशाला?" ते माझ्या कानाकडे बघत म्हणाले. मग म्हणाले, "वैजू, मोजणीदाराचा डोळा गेला असं एकदा लोकांच्या कानावर गेलं, की झालं. उद्या कुणीतरी उठून म्हणेल, म्हाताऱ्याला तेव्हाही दिसत नव्हतं, आमचा बांध पुन्हा मोजा. किती भावाभावांची भांडणं मी मोजणीच्या काचेत बघून मिटवली आहेत. ती सगळी परत उकरून निघतील."

लीलाक्का कमरेवर हात ठेवून अण्णांच्या पुढ्यात उभ्या राहिल्या.

"आणि आमी उपास मोडला असं कुणी सांगितलं तुमास्नी?"

"म्हणजे?"

"आवो, आमी काय खुळ्या हाय का? हितं तुमास्नी 'दिसला' म्हणायचं, घरला जायाचं, आन् मागच्या दारात बसायचं. चंद्र गडावर आला, बघितला, की मग पान वाढायचं. बायका एकमेकींस्नी खिडकीतनं सांगत्यात. एक घास मोडला न्हाई कुणी."

"सगळ्या?"

"सगळ्या," घारेवहिनी म्हणाल्या. "एकदा मध्येच ढग आले, तर मी किती उशिरा जेवले! आमच्या ह्यांनी विचारलं, गच्चीवरून दर्शन घेऊन आलीस ना? म्हटलं, तुम्ही जेवा गुमान."

अण्णांना हसू फुटलं. हसता हसता त्यांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले, आणि लीलाक्काही पदरानं डोळे पुसत हसायला लागल्या. दिवसभर उपाशी राहून, वर एका म्हाताऱ्याचा मान राखायला आणखी ताटकळणाऱ्या बायका. आणि त्यांचा उपास मोडतोय म्हणून आतल्या आत कुढणारा म्हातारा. मला त्या सगळ्यांचा राग आला आणि त्यांच्या गळ्यात पडावंसंही वाटलं. आणि शालीतलं ते उकडणंही उमगलं.

देवकर बिचारा चोरासारखा कोपऱ्यात उभा होता. आता तो पुढं आला. "काका, माफ करा. माझं तोंड जरा फाटकंच आहे. पण एक बोलू? तुम्ही मघापासून माझ्या खांद्याशी बोलताय. माझ्या आईचं असंच झालं होतं. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग जातो, बाजूचं दिसत राहतं. तीही कुणाला सांगायची नाही. एक डोळा गेला. दुसऱ्यात वेळेवर इंजेक्शनं घेतली म्हणून तो टिकला. अजून गहू निवडते."

"डोळ्यात इंजेक्शन?" घारेवहिनी किंचाळल्या.

"ऐकायला वाईट वाटतं. पण जेवढं उरलंय तेवढं वाचतं. उद्याच जा. महिनाभर थांबू नका."

एवढ्यात लीलाक्का म्हणाल्या, "आला बघा!"

गडाची कड उजळली आणि तिच्यावर पिवळा चंद्र वर सरकला. सगळ्या जणी उठल्या. अण्णांनी तोंड थोडं डावीकडे वळवलं. आपण गडाकडे बघतोय आणि हे घाऱ्यांच्या टाकीकडे का बघतात, असं मला क्षणभर वाटलं. मग आठवलं. दुर्बीण नवी होती तेव्हा त्यांनीच मला शिकवलं होतं, "अंधुक गोष्ट बघायची तर सरळ तिच्याकडे बघायचं नसतं वैजू. जरा बाजूला बघायचं, म्हणजे ती दिसते."

"आला," अण्णा म्हणाले.

त्या दिवशी सगळ्या जणी आमच्याकडेच जेवल्या. ज्यांच्या घरी ताटं झाकलेली होती त्या ताटं घेऊन आल्या. देवकरनं उपास नसताना उपासवाल्यांपेक्षा जास्त मोदक खाल्ले. जेवणानंतर अण्णांनी त्याला पुन्हा गच्चीवर नेलं आणि तिपाई मांडायला लावली. "बुडबुडा कुठंय?" "मध्ये आहे काका." "वैजू, बघ गं, खरं बोलतोय का." मी बॅटरी धरून बघायची. तीनदा त्याला सगळं मोडून परत मांडायला लावलं, तेव्हा कुठं अण्णांनी दुर्बीण खोक्यात भरू दिली. विकू नका आता, असं मी हळूच म्हणून बघितलं. ते म्हणाले, "डोळा असलेल्याकडे जाऊ दे. इथं जिन्याखाली बसून ती काय करणार?"

दुसऱ्या दिवशी शेखर आणि मी त्यांना मिरजेला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेलो. डाव्या डोळ्याचं काही होण्यासारखं उरलं नव्हतं. उजव्याचं होतं. पहिल्या इंजेक्शनाच्या वेळी अण्णांनी माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी वाकली. पुढं ते देवकरच्या आईसारखे गहू निवडू शकले नाहीत, पण शेवटपर्यंत स्वतःचे स्वतः हिंडले फिरले. बांध परत मोजा म्हणून कुणी आलं नाही.

पण मला सांगायची आहे ती त्यानंतरची संकष्टी. दुर्बीण नव्हती, म्हणून मला वाटलं, आता कुणी येणार नाही. दिवेलागणीनंतर जिन्यावर बांगड्या वाजल्या. लीलाक्का पुढं, बाकीच्या मागं. अण्णा चटई टाकून बसलेच होते. त्या दिवशी त्यांनीही उपास धरला होता.

"अण्णा, आला का ओ?" लीलाक्कांनी सवयीनं विचारलं.

"मला विचारू नका. या घरात बघायची हौस सगळ्यात जास्त कुणाला आहे? तिला विचारा."

सगळ्या हसल्या. मी कठड्याशी गेले. गडाच्या मागं उजेड होता, कड पिवळी झाली होती, पण चंद्र नव्हता. मागं सात माणसं दिवसभराची उपाशी. घारेवहिनी कुजबुजल्या, "वैजू, म्हण की आला."

"नाही आला अजून," मी मोठ्यानं म्हणाले.

अण्णांनी मान वर केली आणि माझ्या कानाकडे बघितलं. आता मला ठाऊक होतं, ते कानाकडे बघतात तेव्हाच मी त्यांना नीट दिसते.

"थांबू मग," ते म्हणाले. लीलाक्कांनी चटईची घडी मोडून ती कठड्यापर्यंत पसरली. कुणीच घरी गेलं नाही.